गळ्यातली गाठ आणि पहिली संधी

देशात कर्करोगाच्या नोंदींचे प्रमाण सर्वांत कमी कुठे आहे, असे विचारले तर उत्तर आपल्याच भागाचे येते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशभरातील नोंदणी केंद्रांच्या यादीत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि बीड या दोन जिल्ह्यांचे एकत्रित केंद्र तळाला होते. वयोरचनेतला फरक लक्षात घेऊन काढलेला हा दर पुरुषांमध्ये लाखामागे ३९.५ आणि स्त्रियांमध्ये ४९.४ इतका होता. मिझोराममधील आयझॉल जिल्ह्यात पुरुषांचा हाच आकडा २६९.४ होता. मोजणीच नीट झाली नसेल, असे म्हणून हा फरक झटकून टाकता येत नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद घेतली जाते, आणि अशी नोंदणी भारतात प्रथम तिथेच सुरू झाली.

आकडा कमी आहे ही चांगलीच गोष्ट. पण तिला दुसरी बाजूही आहे. जो आजार क्वचित दिसतो तो चटकन मनात येत नाही. ना रुग्णाच्या, ना डॉक्टरच्या. आणि जी शस्त्रक्रिया क्वचितच करावी लागते तिच्यात हात बसत नाही. थायरॉईडच्या कर्करोगाचे, विशेषतः ग्रंथीची सीमा ओलांडून आजूबाजूला शिरलेल्या कर्करोगाचे, आपल्याकडे हेच होते. हा आजार पुष्कळदा आटोक्यात येण्यासारखा असतो. तो हाताबाहेर जातो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर गाठ वर्षानुवर्षे तशीच राहते, किंवा पुरती तपासणी न करता घाईने अर्धवट शस्त्रक्रिया होते. पहिल्या कारणाबद्दल आपण बोलतो. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आज त्याविषयी.

दुखत नाही, म्हणून राहून जाते

थायरॉईडच्या गाठी फार लोकांना होतात आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. शंभर गाठींमध्ये साधारण सात ते पंधरा गाठींत कर्करोग निघतो. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट दिसतो. त्यातही ‘पॅपिलरी’ नावाचा, संथ वाढणारा प्रकार सर्वांत जास्त. त्यामुळे गळ्याला गाठ दिसली की घाबरून जाण्याचे कारण नाही.

सरसकट सर्वांच्या गळ्याची सोनोग्राफी करावी, असाही याचा अर्थ नाही. दक्षिण कोरियाने तो प्रयोग नकळत करून पाहिला आहे. तिथे १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली आणि तिच्या जोडीने, थोडे पैसे भरून, धडधाकट माणसेही गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कर्करोगाचे निदान पंधरापट वाढले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यावर सुरी चालली, आणि ज्या बारीक गाठींनी त्यांना आयुष्यभर कधी त्रास दिला नसता त्या काढल्या गेल्या.

आपला प्रश्न याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे गाठ डोळ्यांना दिसते, हाताला लागते, पण दवाखान्याची पायरी चढत नाही. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत रोज ऐकू येते. गलगंड म्हणजे बायकांना होतोच, आईलाही होता, सासूलाही होता, अशी समजूत असते. त्यात ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या पाडव्याच्या सुमाराला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दोघांपैकी एक दवाखान्यात गेले की कोयता बंद आणि वर खाड्याचे पैसे कापले जातात. मग ‘पट्टा पडल्यावर बघू’ असे म्हणत एक हंगाम जातो, दुसरा जातो. संथ वाढणारा आजार असला तरी त्याला एवढी मुदत दिली की तो आपली जागा सोडून बाहेर पडतो.

गाठीच्या शेजारी काय असते

थायरॉईड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला चिकटून असते. तिच्या मागे अन्ननलिका, दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून दोन बारीक नसा वर जातात. त्या स्वरतंतू हलवतात. त्यांची वाट मोठी वळणाची आहे. मूळ नस गळ्यातून छातीत उतरते, तिची ही फांदी डाव्या बाजूला महारोहिणीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. येताना ती थायरॉईडच्या पाठीला घासून जाते.

एवढ्याशा जागेत एवढ्या महत्त्वाच्या गोष्टी असल्यामुळे गाठ बाहेर पडली की कशात शिरली ते लक्षणांवरून कळू लागते. नसेला धरले की आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. श्वासनलिकेत शिरली की चालताना, आडवे होताना घरघर ऐकू येते. थुंकीतून रक्त पडू शकते. अन्ननलिकेला रेटले की भाकरीचा घास अडकतो. पुढच्या स्नायूंत पसरली की गाठ दगडासारखी घट्ट होते आणि गिळताना जी वरखाली हलायची ती हलेनाशी होते. मानेच्या बाजूला वेगळ्या गाठी दिसू लागतात, त्या लिम्फ ग्रंथींमध्ये पसरलेल्या आजाराच्या.

अशा अवस्थेला डॉक्टर ‘स्थानिकदृष्ट्या पुढे गेलेला’ आजार म्हणतात. हे शब्द ऐकले की घरचे लोक धीर सोडतात आणि कधी कधी डॉक्टरही ‘आता काही उपयोग नाही’ असे सांगून मोकळे होतात. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या दोन नेहमीच्या प्रकारांच्या बाबतीत हे बरोबर नाही. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत २०१८ पासून वापरात आहे, तिच्यानुसार या प्रकारांत रुग्णाचे वय ५५ पेक्षा कमी असेल आणि आजार फुप्फुसे किंवा हाडे अशा दूरच्या अवयवांत गेला नसेल, तर गाठ श्वासनलिकेत शिरलेली असली तरी तो पहिलाच टप्पा धरला जातो. दूर पसरला असेल तरी दुसरा. दुसऱ्या कुठल्याही कर्करोगात अशी सवलत क्वचितच मिळते. वय ५५ च्या पुढे गेले की मात्र हाच आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात मोजला जातो. चाळिशीतली ऊसतोड करणारी बाई घोगऱ्या आवाजाने आली, तर तिच्यापुढे अजून बरीच वर्षे असू शकतात. अट एकच, तिच्यावरची पहिली शस्त्रक्रिया नीट व्हायला हवी.

सुरीच्या आधी चार गोष्टी

पहिली शस्त्रक्रिया ही सर्वांत चांगली संधी का असते, हे समजून घेतले पाहिजे. न उघडलेल्या गळ्यात प्रत्येक थर आपापल्या जागी असतो. नस, रक्तवाहिन्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी ओळखू येतात. एकदा उघडून बंद केलेल्या गळ्यात सगळे व्रणाने एकमेकांना चिकटते. दुसऱ्यांदा जाणाऱ्या सर्जनला गाठ कुठे संपली आणि नस कुठे सुरू झाली हे शोधावे लागते. त्यामुळे आवाज जाण्याचा आणि कॅल्शियम कायमचे घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून सुरी उचलण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे हातात असली पाहिजेत.

पहिला प्रश्न, ही गाठ कशाची? सोनोग्राफीत पाहून बारीक सुईने पेशी काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. याला एफएनएसी म्हणतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती आपल्याकडे फार खोल आहे, आणि तिच्यामुळेच खरे नुकसान होते. मानेतल्या गाठीतही सुई घालायला हवी. आपल्या भागात मानेला गाठ म्हटले की क्षयरोग आठवतो, आणि तो असतोही पुष्कळांना. पण पेशी न तपासता नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर सहा महिने हातचे जातात. आणखी एक गोष्ट. काही आठवड्यांत झपाट्याने वाढलेली गाठ लिम्फोमाची असू शकते. तिला मोठ्या शस्त्रक्रियेची नव्हे, औषधांची गरज असते. अशा गाठीत बारीक सुई पुरत नाही. जाड सुईने तुकडाच काढावा लागतो. आणि ‘मेड्युलरी’ प्रकाराची शंका आली तर रक्तातील कॅल्सिटोनिन पाहावे लागते, कारण तो काही घराण्यांत पिढीजात चालतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

दुसरा प्रश्न, स्वरतंतू हलतात का? कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत हे सांगतात. आवाज चांगला असला तरी हे पाहायला हवे. एका बाजूची नस हळूहळू निकामी झाली तर दुसरी बाजू तिचे काम सांभाळून घेते आणि बोलण्यात काहीच कळत नाही. अशा रुग्णाची दुसरी, चांगली नस शस्त्रक्रियेत दुखावली तर दोन्ही स्वरतंतू मध्ये येऊन थांबतात आणि श्वास कोंडतो. मग गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागते. काही मिनिटांची ही तपासणी वगळण्याला कुठलेच समर्थन नाही.

तिसरा प्रश्न, गाठ कुठवर गेली आहे? सोनोग्राफी ग्रंथी आणि मान छान दाखवते, पण श्वासनलिकेच्या आत आणि छातीच्या हाडामागे तिची नजर पोचत नाही. शंका असेल तिथे रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करावा लागतो. या रंगद्रव्यात आयोडीन असते, त्याने पुढचा आयोडीनचा उपचार बिघडेल म्हणून काही ठिकाणी स्कॅन टाळला जातो. ते आयोडीन साधारण चार ते आठ आठवड्यांत शरीराबाहेर जाते. आयोडीनचा उपचार तेवढा पुढे ढकलता येतो. नकाशा न पाहता केलेली शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. थुंकीत रक्त असेल तर श्वासनलिका, घास अडकत असेल तर अन्ननलिका दुर्बिणीने आतून पाहायची.

चौथा प्रश्न थोडा अवघड आहे, पण रुग्णाने तो विचारला पाहिजे. ही शस्त्रक्रिया कोण करणार, आणि ते ती किती वेळा करतात? संपूर्ण थायरॉईड काढण्याच्या शस्त्रक्रियांचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला २५ पेक्षा जास्त अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या हाती गुंतागुंत कमी होते, असे त्यात दिसले. कर्करोगाची नोंदच कमी असलेल्या जिल्ह्यात एवढा सराव प्रत्येक गावच्या सर्जनला होणे शक्य नाही. यात त्यांच्या कौशल्याचा अपमान नाही. हा साधा हिशेब आहे.

शस्त्रक्रियेत काय साधायचे

ग्रंथीबाहेर गेलेल्या आजारात डोळ्यांना दिसणारी सगळी गाठ काढणे हे उद्दिष्ट असते. पूर्ण थायरॉईड, बाधित लिम्फ ग्रंथी आणि जिथे शिरली आहे तो भाग. पण ‘सगळे काढायचे’ याचा अर्थ गळा रिकामा करायचा असा नाही. नस आधीच निकामी झालेली आणि गाठीत पूर्ण बुडालेली असेल तर ती काढावी लागते. नस चालू असेल आणि गाठ तिच्यावरून सोलून निघत असेल तर ती वाचवायची. सूक्ष्म अंश राहिला तर त्यासाठी पुढचे उपचार आहेत. श्वासनलिकेला गाठ वरवर चिकटली असेल तर ती तासून काढता येते. आत शिरली असेल तर श्वासनलिकेचा तेवढा तुकडा काढून दोन टोके पुन्हा जोडता येतात. अन्ननलिकेच्या बाहेरच्या स्नायूत असेल तर आतले अस्तर राखून तेवढा थर काढतात. स्वरयंत्र पूर्ण काढण्याची वेळ क्वचित येते. मेंदूकडे जाणारी रोहिणी गाठीने चहूबाजूंनी वेढली असेल किंवा मणक्यापुढच्या आवरणात ती रुतली असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये.

हे काम एकट्या सर्जनचे नाही. कर्करोग सर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, अणुवैद्यक तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात तेव्हा ते नीट होते. अर्धी गाठ काढून ‘पुढचे मुंबईला करा’ असे सांगितले जाते तेव्हा रुग्णाचे दुहेरी नुकसान होते. एक, व्रणाचा, त्याबद्दल वर सांगितले. दुसरे, किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराचे.

आयोडीन कुठे कामाला येते

थायरॉईडच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोगाच्या पेशींमध्येही हा गुण बऱ्याचदा शिल्लक असतो. म्हणून किरणोत्सारी आयोडीन तोंडाने दिले की ते शरीरात जिथे जिथे अशा पेशी दडल्या आहेत तिथे जाऊन त्यांना आतून मारते. पण चांगली ग्रंथी हे काम कर्करोगाच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त जोमाने करते. गळ्यात अर्धी थायरॉईड शिल्लक असेल तर सगळे आयोडीन तीच पिऊन टाकते आणि फुप्फुसातल्या पेशी उपाशी, म्हणजे सुरक्षित, राहतात. म्हणून आधी पूर्ण ग्रंथी काढणे आवश्यक असते.

कर्करोगासाठी या उपचाराचा गाजलेला अहवाल अमेरिकेत १९४६ मध्ये सॅम्युएल सायडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात तो फार उशिरा आला असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात, १९६३ पासून काम करते. उपचार घेताना रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, कारण त्याच्या लघवी-घामातून किरणोत्सार बाहेर पडतो. गरोदरपणात हा उपचार देत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला त्याआधी काही आठवडे पाजणे थांबवावे लागते, आणि नंतर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळावी लागते. मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिक प्रकारांत मात्र या आयोडीनचा उपयोग नाही.

त्यानंतर रोजची थायरॉक्सिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. ती नुसती ग्रंथीची उणीव भरून काढत नाही. योग्य मात्रेत दिली तर कर्करोगाच्या पेशींना वाढायला लावणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाला ती दाबून ठेवते. ही गोळी महाग नाही, पण ती बंद पडू नये हे पाहणे अवघड आहे. हंगामाला जाताना पुरेल एवढा साठा, रक्त तपासणीचा कागद आणि ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर घ्यायच्या कॅल्शियमच्या गोळ्या गाठोड्यात असायला हव्यात.

काही रुग्णांत आजार आयोडीन घेईनासा होतो. त्यांच्यासाठी गेल्या दशकात गोळ्या आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेन्व्हॅटिनिबने आजार रोखून धरण्याचा मध्यम काळ ३.६ महिन्यांवरून १८.३ महिन्यांवर नेला. सोराफेनिब या गोळीचा इतिहास तर आपण सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरची ही गोळी, तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत महिन्याला ८,८८० रुपयांवर आली. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. पुढे हीच गोळी थायरॉईडच्या कर्करोगातही वापरात आली. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, हातापायांची कातडी सोलते, आणि गाठ श्वासनलिकेत शिरलेली असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून त्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

जिथे वेळ खरोखर नसतो

एका प्रकाराबाबत मात्र संथपणाचे सगळे हिशेब बाजूला ठेवावे लागतात. ॲनाप्लास्टिक थायरॉईड कर्करोग हा बहुधा साठीपुढच्या माणसांत, पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या जुन्या गलगंडातून निघतो आणि आठवड्यांत वाढतो. बहुतेक रुग्ण काही महिन्यांच्या पलीकडे जात नाहीत. ‘वीस वर्षे होती तशीच होती, या महिन्यात दुप्पट झाली’ असे कोणी सांगितले तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नये. त्यातही आता एक फट उघडली आहे. गाठीत ‘बीआरएएफ’ जनुकाचा विशिष्ट बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्यांची जोडी उपयोगी पडते. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी पहिल्याच तुकड्यावर जनुकीय तपासणी मागवावी लागते. आणि काहीच जमण्यासारखे नसेल तेव्हा श्वास कोंडू नये, दुखणे कमी राहावे, गळ्यात नळी हवी की नको हे रुग्णाने शुद्धीत असताना ठरवावे, हीसुद्धा वैद्यकाचीच जबाबदारी आहे.

बीडला हे जमेल

आपल्या जिल्ह्याला शस्त्रक्रियेबद्दल एक कडू अनुभव आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या अनेक तरुण होत्या. जिथे पुरती तपासणी न करता पोट उघडले गेले, तिथल्या बायका गळ्याच्या ऑपरेशनला सहजासहजी होकार देत नाहीत, यात त्यांचा काय दोष? पण त्या अनुभवातून निघणारा धडा ‘ऑपरेशन टाळा’ हा नाही. आधी तपासणी, मग कारण, मग शस्त्रक्रिया, हा क्रम मागून घ्या, हा आहे. गर्भाशय असो की थायरॉईड, क्रम तोच.

या प्रकरणानंतर हंगामाला जाण्यापूर्वी आणि परत आल्यावर ऊसतोड कामगारांची आरोग्य तपासणी करण्याची पद्धत जिल्ह्यात सुरू झाली आहे. तिच्यात दोन प्रश्न वाढवले तर एक पैसाही लागणार नाही. गळ्याला गाठ आहे का आणि ती वाढते आहे का? आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बसला आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच पुढे पाठवायचे. सर्वांची सोनोग्राफी करायची नाही. त्यांची सुईची तपासणी आणि स्वरतंतूंची दुर्बीण बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एकाच दिवशी, त्यांच्या गावच्या बसच्या वेळा पाहून व्हावी. १९७४ मध्ये हे महाविद्यालय अंबाजोगाईत उभे राहिले तेच खेड्यातल्या माणसाला शहर गाठावे लागू नये म्हणून.

ज्यांची गाठ बाहेर गेलेली दिसेल, त्यांच्यावर इथे सुरी न चालवता सगळे कागद घेऊन थेट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवावे. पाठवणे म्हणजे चिठ्ठी देणे नव्हे. तिथल्या डॉक्टरशी फोनवर बोलून तारीख घेऊन देणे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार त्यात कसा बसतो हे निघण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे.

आणि वाचकांसाठी एवढेच. गळ्याच्या गाठीसाठी कोणी ऑपरेशन सुचवले तर घाबरू नका आणि लगेच ‘हो’ही म्हणू नका. सुईचा रिपोर्ट काय आला, स्वरतंतू पाहिले का, गाठ ग्रंथीबाहेर गेली आहे का, आणि ही शस्त्रक्रिया आपण वर्षातून किती वेळा करता, हे चार प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्या घरात कोणाच्या गळ्याला गाठ आहे आणि आवाजही बसला आहे, त्यांनी मुकादमाशी उचलीचे बोलणे होण्याआधी ही तपासणी उरकून घ्यावी. हंगाम दरवर्षी येतो. पहिल्या शस्त्रक्रियेची संधी एकदाच मिळते.